सात हालचाली, एक बोट

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. सात वर्षांनी, १९७२ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८मध्ये पद्मश्री आली, २०२४मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला. आमच्या भागात अपंगत्वाचा विषय निघाला की पेटकरांचं नाव निघतंच, आणि ते निघायलाच हवं. मात्र त्या गोष्टीतली एक साधी बाब बोलायची राहून जाते, ती म्हणजे पेटकरांचे हात शाबूत होते. शेजारच्या कोल्हापुरात १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करणाऱ्या आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे सोळाव्या वर्षी पाय गेले, हात राहिले. खुर्ची ढकलायला, सही करायला, घास घ्यायला, समोरच्याला दोन शब्द सुनवताना बोट रोखायला हात होते.

या पुस्तिकेचा विषय हात गेल्यावर सुरू होतो.

मणक्याला मार म्हटलं की आपल्याकडे कंबर डोळ्यांसमोर येते. पण विहिरीत उथळ पाण्यात सूर मारणारा, झाडावरून डोक्यावर पडणारा, बांधकामाच्या परांचीसकट खाली येणारा, हंगामात दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल घालणारा, यांतल्या अनेकांना मार मानेत बसतो. इजा मानेतल्या पाचव्या पातळीवर असेल तर खांदा हलतो, कोपर वाकतं, पण वाकलेलं कोपर जोर लावून सरळ करता येत नाही आणि बोटं चालत नाहीत. चौथ्या पातळीवर असेल तर खांदे उडवता येतात, मान वळते, बाकी सगळं थांबतं. अपघाताशिवायचे रस्तेही आहेत. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत मुलाचे स्नायू वर्षावर्षाने दुबळे होत जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ती आहे. साताऱ्यासारख्या फौजी जिल्ह्याला तर हे नवं नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या भागात आहेत, तिथल्या घरांना खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरचं नाव ऐकून माहीत असतं. जखमी सैनिकांच्या हातांना काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत सुरू झाली, ती आता त्याच खडकीत आहे. पण हाताला काम शिकवायचं, तर आधी हात लागतो.

तो हात यंत्राचा असू शकतो, ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस हॉस्पिटलने १९६०च्या दशकातच खुर्चीला जोडायचा विजेचा हात बनवला आणि तो चालवायला रुग्णाच्या जिभेपाशी बटणं दिली. १९८०च्या दशकात नेदरलँड्समध्ये ‘मानुस’ नावाचा हात तयार झाला. २००६ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये किनोव्हा कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकाच्या तीन मामांना मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. त्यांतल्या एकाने, ज्याला घरात जाको म्हणत, स्वतःपुरता एक यांत्रिक हात घरीच जुळवला होता. कंपनीने आपल्या हाताला त्याचंच नाव दिलं. पाचेक किलो वजन, नव्वद सेंटिमीटर पोहोच, खुर्चीच्याच बॅटरीवर चालणारा, दीड किलोच्या आसपास वजन उचलणारा असा हा जाको. तांब्या उचलायला एवढी ताकद पुरेशी आहे. किंमत मात्र आपल्या पैशांत काही दशलक्षांत जाते, तेव्हा तो साताऱ्याच्या बाजारात का दिसत नाही हे निराळं सांगायला नको.

खरी अडचण ताकदीची नाहीच, आणि किंमत ही दुसरी अडचण आहे. पहिली अडचण आकड्यांची आहे. समोरचा पेला धरायचा तर पंजा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली नेता आला पाहिजे. या झाल्या तीन हालचाली. मग पंजा तीन अंगांनी कलता-वळता आला पाहिजे, नाहीतर पेल्यातलं पाणी मांडीवर. झाल्या सहा. सातवी, चिमूट उघडणं-मिटणं. आणि हे सगळं सांगणाऱ्या माणसाकडे काय आहे? हनुवटीखाली एक जॉयस्टिक, किंवा जेमतेम हलणारं एक बोट. जॉयस्टिक दोन दिशांना हलते, फार तर पिळता येते म्हणून तीन.

सात हालचाली तीनमध्ये बसवायच्या तर त्या पाळीपाळीने कराव्या लागतात. याला मोड म्हणतात. एका मोडमध्ये जॉयस्टिक पंजा पुढे नेते, बटण दाबलं की तीच जॉयस्टिक मनगट फिरवते, पुन्हा दाबलं की बोटं मिटते. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एकदा पुढची चाकं वळवील, बटण दाबल्यावर नांगर उचलील आणि पुन्हा दाबल्यावर ट्रॉलीचं फाळकं उघडील, असं कुणी केलं तर नांगरट कशी होईल याचा अंदाज शेतकऱ्याने बांधावा. पेला तोंडाशी येता येता माणसाने कितीतरी वेळा मोड बदललेला असतो, दोन-तीनदा चुकीच्या मोडमध्ये जॉयस्टिक दाबून पेला भलतीकडे नेलेला असतो आणि शेवटी ‘राहू दे, तूच पाज’ म्हटलेलं असतं. लॉरा हर्लंट, रेचल हॉलाडे आणि सिद्धार्थ श्रीनिवास या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६मध्ये घड्याळ लावून पाहिलं. जाकोने पाणी ओतणं, बरणीचं झाकण काढणं, फोन लावणं यांत लोकांचा सहाव्या हिश्श्याहून जास्त वेळ नुसता मोड बदलण्यात गेला. आणि ती माणसं धडधाकट होती.

म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षं या क्षेत्रातला मोठा प्रयत्न हात आणखी मजबूत करण्याचा नाही, हाताशी बोलणं सोपं करण्याचा आहे. वाटा पुष्कळ आहेत. नळीत फुंकर मारायची किंवा ओढायची. मानेच्या झुकावाने चालवायचं. जिभेवर लोहचुंबकाचा छोटा मणी बसवून जीभ हलवायची. जॉर्जिया टेकमध्ये मायसम घोवानलू यांच्या गटाने हे खुर्चीसाठी करून दाखवलं आणि २०१३मध्ये प्रसिद्ध केलं. नजरेने चालवायचं. यात घोटाळा असा की माणूस एखाद्या वस्तूकडे ती हवी म्हणूनच बघतो असं नाही. डोळे उघडे आहेत म्हणूनही बघतो. मग अमुक क्षण नजर स्थिर राहिली तरच ‘हवी’ असं धरायचं ठरतं, आणि तो अमुक क्षण कमी ठेवला तर हात नको तिकडे धावतो, वाढवला तर डोळे शिणतात.

मेंदूतून थेट चालवण्याचा प्रयोगही झाला. अमेरिकेत पक्षाघाताने हात-पाय आणि वाचा गेलेल्या कॅथी हचिन्सन यांनी २०११ साली मेंदूत बसवलेल्या ९६ सूक्ष्म तारांच्या जोरावर यंत्राच्या हाताने कॉफीची बाटली उचलून नळीने प्यायली. सहा प्रयत्नांत चारदा जमलं. ती चित्रफीत जगभर गेली. मला ती थोर वाटते, पण कवटी उघडून बसवायची गोष्ट आणि शेजारी तंत्रज्ञांचा ताफा असलेला हा मार्ग इस्लामपूरच्या घरात उद्या येणार नाही. हा विषय प्रकल्पाला घेणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा याच प्रयोगाच्या मोहात पडतात.

आवाजाचं काय, हा पहिला प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मोबाइलला बोलून गाणं लावता येतं, मग हाताला का नको? इथे जरा थांबायला हवं. ‘पाणी’ म्हटल्यावर हाताने सगळं आपणहून करायचं असेल तर आवाज उत्तम. पण ‘वर, अजून वर, थांब’ असं चालवायचं असेल तर हिशेब करून पाहा. जाकोचा पंजा जास्तीत जास्त सेकंदाला वीस सेंटिमीटर सरकतो. ‘थांब’ हा शब्द तोंडातून निघून यंत्राला कळेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर पंजा दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ओठांपासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्याहून कमीच भरतं. वेग चौथाईवर आणला तरी अडीच सेंटिमीटर उरतात. शिवाय आपलं घर प्रयोगशाळेइतकं शांत नसतं. कुकरची शिट्टी असते, टीव्हीवर मालिका असते आणि ‘थांब’ हा शब्द तर लहान मूल असलेल्या कुठल्याही मराठी घरात तासाला किती वेळा उच्चारला जातो ते मोजू नये. मानेच्या इजेने श्वास उथळ झालेला माणूस हळू आणि तुटक बोलतो. वर आमच्या जत तालुक्यात घरची भाषा कानडी, दवाखान्याची मराठी. तिथे यंत्राला दोन्ही कळायला हव्यात, कधी एकाच वाक्यात.

तेव्हा ‘सोपी पद्धत कोणती’ याचं उत्तर खोलीत बसून देता येत नाही, चाचणीच घ्यावी लागते. आणि चाचण्यांनी मोठमोठ्यांचे अंदाज चुकवले आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल केंद्रात होली यँको आणि कॅथरिन त्सुई यांनी मानुस घेऊन असा विचार केला की जॉयस्टिकच्या मोडांत माणसाला गुंतवायचंच कशाला? पडद्यावर समोरच्या फळीचं चित्र दाखवावं, माणसाने हव्या वस्तूवर बोट ठेवावं, हाताने तिकडे जावं. हे त्यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या क्रॉचेड माउंटन पुनर्वसन केंद्रात प्रत्यक्ष खुर्चीवरच्या लोकांना देऊन पाहिलं. बोटाने स्पर्श बरा की जॉयस्टिक, कॅमेरा हाताच्या खांद्यावर बरा की पंजाजवळ, असे प्रश्न त्यांनी एकेक करून विचारले. असं एकेक विचारणं महत्त्वाचं आहे, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

दुसरी चाचणी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या अमन बेहल यांच्या गटाची. निकाल २०१२च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मज्जारज्जूला इजा झालेल्या काही लोकांना हात स्वतः चालवायला दिला आणि काहींना जवळजवळ आपोआप चालणारा. आपोआप चालणाऱ्या हाताने कष्ट वाचले, बटणं कमी दाबावी लागली. तरी समाधान कुणाचं जास्त? स्वतः चालवणाऱ्यांचं. अभियंत्याला हे कोडं वाटतं. ज्याने घरात महिनोन् महिने दुसऱ्याच्या हातून घास घेतला आहे त्याला वाटणार नाही. भरवणारी सून असो की यंत्र, घास कधी आणि केवढा हे दुसरंच कुणीतरी ठरवत असेल तर फरक एवढाच की यंत्र कंटाळत नाही. या निकालाचा अर्थ लोकांना कष्ट आवडतात असा काढू नये. बारीक, जिकिरीचं काम यंत्राने सांभाळावं आणि काय, कधी, कुठे थांबायचं हे माणसाच्या ताब्यात राहावं, अशी वाटणी शोधायची आहे, आणि ती प्रत्येकाची वेगळी निघते. सकाळी ताजातवाना असलेला माणूस स्वतः चालवील, संध्याकाळी थकल्यावर तोच म्हणेल, तूच आण बाबा. एकदा घेतलेल्या चाचणीत हे दिसणार नाही.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याचे बिपीन कदम रोजंदारीवर काम करणारे. मुलीला हात हलवता येत नाहीत, तिला भरवणारी आई अंथरुणाला खिळली. कामावरून येऊन मुलीला भरवायचं आणि पुन्हा जायचं, असं चाललं. भरवणारं यंत्र विकत मिळतं का हे शोधून झालं, मिळेना, तेव्हा त्यांनी इंटरनेटवर शिकून चारेक महिन्यांत ते स्वतः बनवलं आणि नाव ठेवलं ‘माँ रोबो’. ताटात पदार्थ असतात, मुलगी बोलून सांगते, भाजी की वरणभात, आणि तो घास यंत्र तिच्यापुढे आणतं. २०२२ साली हे देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं, गोवा स्टेट इनोव्हेशन कौन्सिलने पाठीशी उभं राहून पैशांची मदत केली. बातम्यांचा सूर बापाच्या मायेचा होता, ते साहजिकच. मला त्यात दुसरंही काही दिसतं. कदमांनी सात हालचालींचा प्रश्न सोडवला नाही, तो टाळला. ताट ठरलेल्या जागी, मुलगी ठरलेल्या जागी, मग हाताला फारसं सांगावं लागत नाही. मुलीकडे उरतो तो एकच निर्णय, काय खायचं. आणि तो तिच्याकडेच आहे. जगातल्या प्रयोगशाळा ज्या वाटणीचा शोध घेताहेत, तिची एक साधी आवृत्ती बेतोड्याच्या घरात तयार झाली, कारण ज्याच्यासाठी यंत्र करायचं ते माणूस त्याच घरात होतं.

साताऱ्या-सांगलीला यातून एक व्यवहार कळतो. आपल्याकडे बहुतेक खुर्च्या अजून हाताने ढकलायच्या आहेत. त्यांना बॅटरीच नाही, मग हात जोडायचा कशाला? तेव्हा सुरुवात खुर्चीऐवजी टेबलाला किंवा पलंगाला बसवलेल्या हाताने करावी. खुर्चीवर बसवायची वेळ येईल तेव्हाही दाराचं माप आधी घ्यावं. बाजूला हात जोडला की खुर्ची रुंद होते आणि जुन्या घरांची आतली दारं तेवढी उदार नसतात. उंबऱ्यावर बसणारा धक्का पंजाला सोसतो का, तेही पाहावं. आणि रात्रीत लाईट गेली, चार्जिंग अर्धवट राहिलं, तर हात कुठल्या स्थितीत थिजतो? तोंडापाशी थिजला तर?

सगळ्यांत मोठी चाचणी भाकरीची. काही पाश्चात्त्य भरवणारे हात काट्याने फळांचे, गाजराचे तुकडे टोचायला शिकलेत. टोचलेला तुकडा पडत नाही, सांडत नाही, यंत्राला तो सोयीचा. आपलं जेवण टोचायचं नाही, मोडायचं आहे. ज्वारीची भाकरी एका हाताने मोडताना अंगठा दाबतो, दोन बोटं ओढतात, मग तुकड्याची खोलगट घडी होते आणि ती आमटीत बुडवून वर येईपर्यंत भिजते पण तुटत नाही. हे आपण दिवसातून दोनदा न बघता करतो. कुठल्याही तयार यंत्राला हे येणार नाही, हे गृहीत धरूनच चाचणी आखावी. भाकरी आधी कुस्करून चमच्याने द्यायची का? एखादा आजोबा म्हणेल, चालेल. दुसरा म्हणेल, कुस्करून मी दात पडल्यावर खाईन. दोन्ही उत्तरं नोंदवायची आहेत, कारण ‘सोपं’ या रकान्यात काय भरायचं ते त्यांवर ठरतं.

यंत्र हाताशी नसतानाही पुष्कळ चाचणी होते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत, साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये ज्या मुलांना अंतिम वर्षाचा प्रकल्प हवा आहे, त्यांना माझी सूचना अशी की पहिला महिना मोटारी विकत घेऊ नयेत. पडद्याआड एक विद्यार्थी बसवा. खुर्चीवरचा माणूस आपल्या शब्दांत, आपल्या मानेने, आपल्या नजरेने सांगेल तसाच आणि तेवढाच हात पडद्याआडच्या मुलाने हलवायचा, स्वतःची अक्कल लावायची नाही. तासाभरात कळतं की कुठली आज्ञा लोक आपोआप देतात आणि कुठली त्यांना पाठ करावी लागते. जगभर ही रीत वापरतात आणि तिला खर्च चादरीचा येतो. पुढे यंत्र आलं की दोन पद्धतींची तुलना करताना निम्म्या लोकांना आधी एक द्यावी, निम्म्यांना दुसरी. नाहीतर दुसऱ्या वेळी लोक सरावलेले असतात आणि दुसरी पद्धत फुकट जिंकते. वेळ मोजावा, चुका मोजाव्यात, थकवा विचारावा. थांबवण्याचं बटण माणसाला स्वतःला दाबता येतं का, हे मात्र मोजायचं नाही. येत नसेल तर त्या दिवशी चाचणी घ्यायचीच नाही.

आणि काम कोणतं द्यायचं? संशोधनाच्या याद्यांत पेला, चमचा, दाराची कडी असते. हेन्री इव्हान्स नावाचे अमेरिकन गृहस्थ २००२ साली पक्षाघाताने जखडले. पुढे २०११च्या सुमारास डोक्याच्या हालचालीने मोठा रोबो चालवून त्यांनी दाढी केली, पण त्याआधी स्वतःचा चेहरा खाजवला, दहा वर्षांत पहिल्यांदा. पेला कुणीही हातात देतं. खाज मात्र नेमकी कुठे आहे ते सांगेपर्यंत सांगणाऱ्याचा जीव जातो. आमच्याकडच्या यादीत आणखी काय येईल? कृष्णाकाठच्या पावसाळ्यातले डास, नाकावरून घसरलेला चष्मा, पंख्याने उडालेलं पांघरूण, फोन कानाला लावण्यापेक्षा तो कापणं, पत्त्यांचा डाव. काही गोष्टी घरच्यांसमोर बोलल्या जाणार नाहीत. आई सांगेल, ‘त्याला जेवता आलं की बास.’ त्याला कदाचित जेवण आईच्याच हातचं हवं असेल आणि हात हवा असेल दुपारी सगळे रानात गेल्यावर दार आतून लावायला.

म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण यंत्राचं नाही, यादीचं आहे. त्यातले प्रश्न घरच्यांना वेगळे विचारायचे आणि खुर्चीवरच्या माणसाला वेगळे, दार लोटून घेऊन. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर जिथे जुळत नाहीत, तिथून चाचणीचं पहिलं काम निवडायचं.